मुंढ्याखाली

बॉबिन नाव मीच ठेवलं.
लोकमान्य नगरातल्या या दोन खोल्यांत
मशीनच्या पायट्याभोवती गोल गोल फिरायचा,
अडीच महिन्यांचा, पोटाने ढब्बू, अंगाने पिवळट,
आणि खाजवायचा.

झोपून उठला की खाजवायचा.
गळ्यात पट्टा घातला, तर पट्ट्याशी भांडण.
मागचा पाय हवेतच चालायचा,
कानापर्यंत पोचायचाच नाही,
मग तोल जाऊन बुडावर बसायचा
आणि मीच ढकललं असं माझ्याकडे बघायचा.

समोरचे नेमाजी म्हणाले, "भाभीजी, कुत्ता है,
खुजाएगा नहीं तो क्या भजन करेगा?"
पटलं.
तरी चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय;
नुसत्या "ठीक आहे"वर कापडाला कात्री लावत नाही.

मशीनच्या फळीवर खडूने रेघा ओढायला लागले.
पांढरी : उठल्यावर, पट्ट्यापायी, उगीच.
रिकामं रीळ घरंगळवलं की जी खाज विसरतो, तीही पांढरी.
निळी : रीळ नाकासमोरून गेलं, बघितलंही नाही,
पंजा चाटतच राहिला.
लाल खडू रात्रीसाठी,
झोप मोडून खाजवलं तर.

सोमवारी सगळी फळी पांढरी.
बुधवारी दोन निळ्या.
शुक्रवारी देवासच्या नवरीचे पाच ब्लाउज द्यायचे होते,
काही लिहिलं नाही.
शनिवारी पहाटे तीनला
फरशीवर नखांचा आवाज.
थांबला. परत.
मी अंधारात लाल खडू चाचपला.

दिवा लावून त्याला मांडीवर उताणा घेतला.
शेपटीच्या मुळाशी पिसवा शोधल्या; नव्हत्या.
मग पुढचा पाय उचलून मुंढा बघितला.
मुंढाच म्हणते मी, दुसरा शब्द हाताला येत नाही.
ब्लाउज जिथे काचतो, बरोबर तिथे
कातडी लाल, गरम.
जांघेत तेच.
पांढऱ्या पंजाच्या बोटांमधले केस
चाटून चाटून गंजाच्या रंगाचे.

तेव्हा शलाका आठवली.
सात वर्षांची. मीच शिवलेला नायलॉनचा फ्रॉक.
गुडघ्यामागे, कोपराच्या वळणात खाजवत बसायची.
मी म्हणायचे, नखरे.
मी म्हणायचे, हात खाली.
एकदा दोन्ही हात ओढणीने बांधून झोपवलं होतं.
ते कुठल्या फळीवर लिहिलेलं नाही.

डॉक्टर सलूजांनी फळीचा फोटो बघितला, हसले नाहीत.
पांढऱ्या रेघा विसरा म्हणाले, ते नुसतं पिल्लूपण.
कान हुंगले. कातडी खरवडून काचेवर घेतली.
खरूज नाही. अ‍ॅलर्जी असेल, नसेलही,
इतक्यात नाव द्यायला नको.
चिंध्यांचं अंथरूण काढा, नव्या कापडाला खळ असते.
शेजारच्या रिकाम्या प्लॉटातल्या गाजरगवतात सोडू नका.
आठ आठवडे सांगतो तेवढंच जेवण, वर बिस्कीटसुद्धा नाही.
आणि घरात सगळ्यांना सांगा.
घरात कोण आहे सांगायला!
पण तेव्हाच कळलं,
नेमाजी रोज फाटकातून त्याला लसणाची शेव चारत होते.

रात्री शलाकाला फोन केला, भोपाळला.
खडू, रेघा, मुंढा, शेव, सगळं सांगितलं.
ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, "आई, त्याच्यावर ओरडू नकोस हं.
ओरडलं की जास्त सुटते."
आणि कुकर झाला म्हणून ठेवला.

आज तिसरा आठवडा.
फळीवर नऊ पांढऱ्या, एक निळी.
बॉबिन माझ्या धुऊन विरलेल्या सुती साडीवर झोपलाय.
आत्ता उठला. मागचा पाय कानाशी नेला.
पोचला.
मी खडूंच्या डबीत हात घालते,
रंग ठरवायच्या आधी जरा बघत बसते.